आठ ते दहा आठवडे

शेवटी गाडी आली एकदाची!

३० मार्च २०२५, गुढीपाडवा. सकाळी श्रीखंड-पुरी हाणून आम्ही सहकुटुंब शोरूमला गेलो आणि गाडी बुक केली. सेल्समन म्हणाला, "सर, आठ ते दहा आठवडे." गाडी हातात पडली १० नोव्हेंबरला. म्हणजे बत्तीस आठवडे आणि वर एक दिवस. (मी इंजिनियर आहे, मोजणारच.) दसरा गेला, दिवाळी गेली, आणि ज्या दिवशी कसलाही मुहूर्त नव्हता अशा एका साध्या सोमवारी, ऑफिसला हाफ डे टाकून मी गाडी घरी आणली.

गाडी कुठली, शोरूम कुठलं हे सांगत नाही. कारण मित्रमंडळींत विचारलं तर प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट आहे, फक्त लोगो वेगळा. उगाच एकालाच का झोडपा? शिवाय माझी तक्रार उशिराची नाहीच मुळी. ती कशाची आहे ते सांगायलाच हा लेख.

आधी थोडा कौटुंबिक तपशील. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनच्या वीस तारखेला ठरलं होतं. दहा आठवडे धरले तरी गाडी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात यायला हवी होती. ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे फिजिओथेरपिस्ट घरी येणार, पुढे तीन महिन्यांपर्यंत आठवड्यातून तीनदा सेंटरवर जायचं. मंगळवार-गुरुवार माझं घरून काम आणि शनिवार सुट्टी, म्हणून तेच वार घेतले. मी नेणार, मी आणणार. सगळं प्लॅनिंग एखाद्या रिलीजसारखं चोख! फक्त एक डिपेंडन्सी दुसऱ्याच्या हातात होती.

ती आली नाही. मग काय, कॅब आणि रिक्षा. दहा आठवडे, आठवड्याला तीन खेपा, जाऊन-येऊन साठ प्रवास. त्यातल्या तेवीस वेळा कॅबवाल्याने "कुठे जायचंय? ऑनलाइन की कॅश?" विचारून ट्रिप रद्द केली. हो, मी एक्सेल शीट ठेवली होती. जुलैमधल्या एका शनिवारी सिंहगड रोडवर धो धो पाऊस, आणि आई सोसायटीच्या गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीत वॉकर धरून चाळीस मिनिटं बसलेली. मी हातात फोन घेऊन एकामागून एक अ‍ॅप उघडतोय. आई म्हणाली, "राहू दे रे, आज नको जाऊया." त्या दिवशी मी शोरूमला फोन लावला.

"सर, पुढच्या पंधरा दिवसांत शंभर टक्के."

असं त्याने मला एकूण अकरा वेळा सांगितलं. तेही शीटमध्ये आहे :)

आता माझ्या आजोबांकडे वळतो. आजोबा सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांना माझं हे रडगाणं ऐकून हसू येत होतं. त्यांनी १९७४ साली स्कूटर नोंदवली आणि ती मिळाली १९८२ साली. नोंदवली तेव्हा बाबा दुसरीत, मिळाली तेव्हा बाबा दहावीत. आठ वर्षं! आणि आजोबांना त्यात फार काही वावगं वाटलं नव्हतं.

आपल्या पिढीला ही गोष्ट पुराणकथेसारखी वाटते, पण ती आपल्याच गावात घडली आहे. १९५९ साली बजाजला दुचाकी-तिचाकी बनवायचा सरकारी परवाना मिळाला आणि आकुर्डीच्या कारखान्यात आधी इटलीच्या पियाजिओच्या करारावर व्हेस्पा बनू लागल्या. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. लोकांच्या अक्षरशः उड्या पडल्या. दहा-दहा वर्षांचं वेटिंग झालं. आता तुम्ही-आम्ही म्हणू, मग कारखाना वाढवायचा ना! तर तसं करता येत नव्हतं. १९५१ च्या उद्योग कायद्याखाली कोणी किती माल बनवायचा ते सरकार ठरवणार, आणि त्यावर १९६९ चा एमआरटीपी कायदा, म्हणजे मोठ्या उद्योगाने आणखी मोठं व्हायचं तर पुन्हा दिल्लीची परवानगी. परवान्यापेक्षा जास्त माल बनवणं हा गुन्हा! मागणी आहे, माणसं आहेत, जमीन आहे, पण कागद नाही.

त्यामुळे व्हायचं ते झालं. नव्या स्कूटरपेक्षा लगेच मिळणारी जुनी स्कूटर महाग झाली. नंबर लागला की स्कूटर घ्यायची आणि तशीच 'ऑन' घेऊन विकायची, हा एक जोडधंदाच झाला. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळायची, म्हणून आखातातला नाहीतर अमेरिकेतला मामा शोधला जायचा. लग्नाच्या बोलण्यांत स्कूटरचा नंबर निघायचा. तेव्हा तो काळ काही सोन्याचा नव्हता. मला आठ वर्षं थांबायला सांगितलं असतं तर मी मोर्चाच काढला असता.

पण आजोबांनी एक गोष्ट दाखवली आणि मी विचारात पडलो. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत ती पावती अजून आहे. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. आणि तिच्यावर ठळक शाईत एक नंबर आहे.

"हा माझा नंबर," आजोबा म्हणाले. "दर पाडव्याला मी जाऊन विचारून यायचो, कितव्यापर्यंत आलंय. पाचेक वर्षांनी हिशेब जमला. तुझ्या आजीला सांगितलं, बंडू दहावीत जाईल तेव्हा स्कूटर येईल. आणि आली."

बंडू म्हणजे आमचे बाबा.

मी माझी बुकिंगची पावती काढून पाहिली. गुळगुळीत कागद, क्यूआर कोड, गाडीचा झोकात वळण घेणारा फोटो. बुकिंग आयडी आहे, चौदा अंकी. पण माझ्यापुढे किती जण आहेत, ते त्यातून कळत नाही. डिलिव्हरीची तारीख 'संभाव्य'. किंमत 'डिलिव्हरीच्या दिवशी असेल ती'. रंग, मॉडेल, कंपनी देईल त्याप्रमाणे बदलू शकतं. म्हणजे या कागदावर ठाम असं एकच होतं, मी भरलेले पंचवीस हजार.

लायसन्स राजमध्ये नंबर होता. आता तोही नाही. गंमत आहे की नाही?

बरं, आपण जे काम करतो त्यात तर रांग ही पहिल्या वर्षाला शिकवायची गोष्ट आहे. १९६१ साली जॉन लिटल नावाच्या गृहस्थांनी रांगेचा एक साधा नियम सिद्ध केला. रांगेत किती आहेत आणि दर महिन्याला किती बाहेर पडतात हे कळलं, की वाट किती पाहावी लागणार ते भागाकाराने निघतं. समजा माझ्या मॉडेलसाठी माझ्यापुढे साठ हजार लोक आहेत आणि कारखाना महिन्याला पाच हजार गाड्या काढतो, तर मला बारा महिने थांबायचंय. संपलं. याला काही एआय लागत नाही, चौथीतलं गणित पुरतं. आजोबांनी दर पाडव्याला चक्कर मारून तेच केलं होतं, लिटलसाहेबांचं नावही न ऐकता.

दोन्ही आकडे कंपनीकडे असतात. सेल्समनकडे नसतात. त्याला फक्त एवढंच माहीत असतं की या महिन्यात त्याच्या शोरूमला कुठल्या रंगाच्या किती गाड्या येणार, आणि तेही ऐन वेळी. म्हणून तो 'पंधरा दिवस' म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, तो फोन संपवत असतो.

हे मला इतकं बरोबर कसं कळतं? कारण मीही तेच करतो. सप्टेंबरात आमच्या क्लायंटने एका फीचरबद्दल तिसऱ्यांदा विचारलं आणि मी शांतपणे म्हणालो, "पुढच्या स्प्रिंटमध्ये." आमचा एक हिस्सा दुसऱ्या टीमकडे अडकला होता, ती टीम कधी देणार याची मला काडीची कल्पना नव्हती. पण 'माहीत नाही' म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. कॉल संपला आणि माझ्या लक्षात आलं की अरे, मी आत्ता शोरूमवाल्याच्याच आवाजात बोललो! त्यानंतर त्या पोराचा राग जरा कमी झाला. फार नाही, पण जरा.

"अहो पण कंपन्या तरी काय करणार? चिप मिळत नव्हत्या ना!" हे उत्तर गेली काही वर्षं आपण ऐकलं. त्यात तथ्य होतं. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे देशात मारुतीसारख्या कंपनीची विक्री शून्य होती. जगभरच्या कार कंपन्यांनी घाबरून चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्याच वेळी आपण सगळे घरी बसून लॅपटॉप, टॅबलेट, वेबकॅम घेत होतो. रिकामी झालेली क्षमता तिकडे गेली. काही महिन्यांत लोकांना गाड्या हव्याशा झाल्या, पण चिप ही काही वडापाव नाही, सांगितली की तळली. ती तयार व्हायला तीन-चार महिने लागतात. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये बर्फाच्या वादळाने कारखाने बंद, १९ मार्चला जपानमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्याला आग, आणि नंतर मलेशियात कोविडमुळे पॅकेजिंग ठप्प. टोयोटासारख्या कंपनीने २०२२ मध्ये जपानात ग्राहकांना एक स्मार्ट किल्ली आणि एक साधी लोखंडी किल्ली दिली. दुसरी स्मार्ट किल्ली नंतर!

आपल्याकडे त्याच सुमाराला काय चाललं होतं आठवा. ७ ऑक्टोबर २०२१ ला महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग उघडलं आणि ५७ मिनिटांत २५ हजार गाड्या बुक. ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एन, तर अर्ध्या तासात एक लाख! दोन्ही गाड्या बनतात आपल्या चाकणला, पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर. त्या नोव्हेंबरमध्ये महिंद्राकडे सगळ्या मॉडेल मिळून सुमारे २ लाख ६० हजार बुकिंग शिल्लक होती. माझ्या टीममधल्या एकाने बुकिंग केलं तेव्हा त्याचं लग्न ठरलं होतं आणि गाडी आली तेव्हा बारसं. तो अजून सांगतो, कारखाना ऑफिसच्या गच्चीवरून दिसेल इतका जवळ, आणि गाडी मात्र मलेशियातल्या एका बोटाएवढ्या तुकड्यासाठी अडलेली.

चेतकचं तर काय सांगावं! विजेवरची नवी चेतक आली, २०२० मध्ये पहिल्यांदा विक्रीला निघाली ती पुणे आणि बेंगळुरूत. एप्रिल २०२१ मध्ये बुकिंग पुन्हा उघडलं आणि ४८ तासांत बंद करावं लागलं. परवाना राज गेलं, एमआरटीपी गेला, मोटारी बनवायला लागणारा परवानासुद्धा १९९३ मध्ये गेला. पण तेच नाव आणि तीच रांग. आजोबांना पेपरात दाखवलं तर म्हणाले, "घोडा बदलला, नंबर तोच."

तर उशीर होतो, होणार. आणि खरं सांगायचं तर त्यात आपणही हात धुऊन घेतो. मी स्वतः दोन शोरूममध्ये बुकिंग केलं होतं, जिथे लवकर मिळेल तिथे घेऊ म्हणून. माझ्यासारखे हजारो. मग रांग आहे त्यापेक्षा लांब दिसते, लांब दिसते म्हणून अजून लोक आधीच नंबर लावून ठेवतात. चिपच्या टंचाईत कंपन्यांनीही हेच केलं, हव्या त्यापेक्षा जास्त मागून ठेवलं. पण मला सांगा, रांग दिसत असती तर मी दोन ठिकाणी पैसे अडकवले असते का? अंधारात उभा केलेला माणूस धक्काबुक्की करतोच.

माझी तक्रार ही अशी अंधाराची आहे. आणि दुसरी तक्रार, उशिराचा सगळा भार एकाच बाजूला टाकण्याची. एप्रिलमध्ये माझ्या गाडीची किंमत चौदा हजारांनी वाढली. मी तर मार्चमध्ये बुक केली होती! "सर, डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत. सही केलीय तुम्ही." बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र मुदत संपून बाद झालं, पुन्हा तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, पुन्हा सह्या. उशीर त्यांचा, हेलपाटे माझे.

आता इथे कुणी म्हणेल, अरे पण जीएसटी कमी झाल्यावर तुझा फायदाच झाला की! झाला. १५ ऑगस्ट २०२५ ला घोषणा झाली, २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्के झाला. माझी गाडी चार मीटरच्या आतली, पेट्रोलची. माझे ऐंशी-पंचाऐंशी हजार वाचले. ज्यांना 'वेळेवर' गाडी मिळाली, त्यांचे नाही वाचले. आमच्या घरी तेव्हा पितृपक्ष संपून घटस्थापनेलाच नवे दर लागू झाले म्हणून देवाच्या कृपेपर्यंत चर्चा गेली. पण हा काय न्याय आहे का? ही लॉटरी आहे. माझी लागली म्हणून लॉटरी हीच व्यवस्था चांगली, असं मी कसं म्हणू? आणि आईची ती चाळीस मिनिटं पंचाऐंशी हजारांत बसवायची कशी, ते एक्सेलला येत नाही.

"मग रद्द करायचं होतंस बुकिंग!" हेही ऐकलं. रद्द करून जाणार कुठे? दुसऱ्या रांगेच्या शेवटी.

मागणी फार मोठी नाही. आपल्याकडे हे दुसऱ्या धंद्यात होऊन चुकलंय. फ्लॅट घेताना पूर्वी बिल्डर काय सांगायचा? "दिवाळीपर्यंत पझेशन." कुठली दिवाळी ते सांगायचा नाही. वाळू नाही, सिमेंट नाही, मजूर गावाला गेले... कारणं खरीसुद्धा असायची. तरी रेरा कायदा आला आणि २०१७ पासून महारेरा सुरू झालं. आता प्रोजेक्ट पूर्ण होण्याची तारीख वेबसाइटवर कुणालाही दिसते. ती चुकली तर कलम १८ प्रमाणे पैसे व्याजासह परत माग, नाहीतर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घे. महाराष्ट्रात तो दर स्टेट बँकेच्या एमसीएलआरवर दोन टक्के आहे. रेरा आल्याने सगळे फ्लॅट वेळेवर मिळाले असं अजिबात नाही. वसुलीचे आदेश घेऊन फिरणारे लोक मला माहीत आहेत. पण तारीख कागदावर आली आणि ती चुकवायला किंमत पडू लागली. तेवढ्याने सांगणारा जरा विचार करून सांगतो.

आणि गाड्यांच्या धंद्यात हे अशक्य आहे असंही नाही. नॅनो आठवते ना? आपल्या पुण्याच्याच टाटा मोटर्सच्या इंजिनियरांनी घडवलेली. सिंगूरचा कारखाना ऑक्टोबर २००८ मध्ये सोडावा लागला, साणंदचा तयार व्हायचा होता, आणि एप्रिल २००९ मध्ये दोन लाखांहून जास्त बुकिंग आली. तेव्हा सरळ कॉम्प्युटरवर सोडत काढली, पहिल्या एक लाख लोकांना नंबर सांगितला, आणि ज्यांनी पैसे परत न घेता थांबायचं ठरवलं त्यांना व्याज देऊ केलं. पुढे त्या गाडीचं काय झालं ते सोडा. पण रांगेच्या बाबतीत तिचं वागणं आजच्या पावतीपेक्षा बरं होतं.

तेव्हा मला हव्या आहेत तीन गोष्टी. पहिली, माझ्या मॉडेलच्या रांगेत माझा नंबर काय, ते मला फोनवर दिसू दे. पिझ्झावाला सिग्नलला उभा आहे हे आपण नकाशावर बघतो, मग दहा लाखांच्या गाडीचा नंबर का नाही? दुसरी, तारखेचा अंदाज लेखी दे, आठ ते दहा म्हण नाहीतर तीस ते चाळीस म्हण, पण तोपर्यंत तुझ्या बाजूने किंमत वाढवू नकोस. सरकारने कर बदलला तर तो दोघांनाही लागू. तिसरी, ती तारीख टळली की माझ्या पैशावर व्याज दे, किंवा एकही प्रश्न न विचारता पूर्ण पैसे परत दे. बस्स.

मला मार्चमध्येच कुणी सांगितलं असतं की बत्तीस आठवडे लागतील, तर मी एखादी सेकंडहँड घेतली असती, किंवा सोसायटीतल्या ओळखीच्या ड्रायव्हरला तीन महिने ठरवलं असतं. गाडी लवकर मिळाली नसती, पण आई त्या खुर्चीत बसली नसती. माणूस वाट बघू शकतो हो, आठ-आठ वर्षं बघू शकतो. त्याला फक्त किती ते सांगा, बाकीचं तो जमवतो.

जाता जाता आमच्या ऑफिसचं. ऑक्टोबरात क्लायंटने चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "दुसऱ्या टीमकडे आमच्यापुढे पाच कामं आहेत. तीन आठवड्यांत एक होतं. नवं वर्ष उजाडेल." पलीकडे थोडा वेळ शांतता. मॅनेजरने माझ्याकडे असं पाहिलं की मी नोकरीच सोडतोय. मग क्लायंट म्हणाला, "ठीक आहे, मग आम्ही तोवर आमचं दुसरं काम उरकतो." एवढंच! ओरडला नाही की काही नाही.

गाडी आली त्या सोमवारी संध्याकाळी आई जिना उतरून स्वतः खाली आली. वॉकर कधीच सुटला होता. फिजिओ सप्टेंबरातच संपलं होतं. तिने गाडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "आता कुठे जायचं?"

खरंच, कुठे जायचं ते सुचेना. मग आजोबांना मागे बसवलं आणि सारसबागेपर्यंत जाऊन भेळ खाऊन आलो.